खांडेकर, शिरोड्याची शाळा आणि एक म्हातारा विद्यार्थी : दोन अंकी संहितेसाठी मदत हवी

तिसरी_घंटा :

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही मागण्यासाठीच.

आमच्या हौशी ग्रुपसाठी दोन अंकी नाटक लिहितोय. विषय वि. स. खांडेकर. पण जन्म सांगलीचा, मग शिक्षण, मग पुरस्कार, शेवटी हार आणि पडदा, असलं काही करायचं नाहीये. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले, तेवढाच काळ मला हवाय. तोही त्यांच्या बाजूने नाही, एका विद्यार्थ्याच्या बाजूने. हा विद्यार्थी संपूर्ण काल्पनिक आहे. त्याला मुद्दाम नाव दिलेलं नाही, संहितेत 'तो' एवढंच आहे.

सप्टेंबर १९७६. रेडिओवर खांडेकर गेल्याची बातमी येते. 'तो' आता पन्नाशी ओलांडलेला, एका मिठागराच्या मालकाकडे हिशेब लिहिणारा. गावात शोकसभा ठरते आणि सरांचा विद्यार्थी म्हणून त्याला पाच मिनिटं बोलायला सांगतात. पहिला अंक म्हणजे ते भाषण लिहिण्याची रात्र. लिहितो, खोडतो, आठवतो. मधे मधे शाळेचे प्रवेश: वर्गातले सर, बाकावरचा तो, आणि १९३० चा मिठाचा सत्याग्रह सुरू झाल्यावर वर्गातून धावत सुटलेली पोरं.

दुसऱ्या अंकात तीन-चार वर्षं मागे जातो. सरांची दृष्टी गेलीय हे कळल्यावर तो कोल्हापूरला त्यांच्या घरी जातो. धो धो पाऊस. दारात उभा राहून विचारतो, सर, ओळखलंत का? मग तो त्यांना पुस्तक वाचून दाखवतो. वाचता वाचता एक परिच्छेद मुद्दाम गाळतो. सरांच्या ते लक्षात येतं की नाही, यावर नाटक संपतं.

पहिला अंक हातात आहे, दुसरा रखडलाय. काहीतरी खोटं वाटतंय आणि ते कुठे आहे ते सापडत नाहीये. हात राखून लिहू नका.

आगाऊ_पाहुणा :

पावसात भिजलेला विद्यार्थी सरांच्या दारात उभा राहून ओळख विचारणार? अहो, पहिल्या वाक्याला अख्खं प्रेक्षागृह एका सुरात 'कणा' म्हणायला लागेल. कुसुमाग्रजांची ती कविता शाळेत पाठ न केलेला मराठी माणूस शोधून आणा, तिकिटाचे पैसे मी देतो. पाऊस तरी काढा, नाहीतर प्रश्न तरी.

तिसरी_घंटा :

अरे देवा. चार महिने लिहितोय आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही. पाऊस गेला.

मुद्रितशोधक :

संकल्पना आवडली. पण हिशेब तपासायची खोड आहे, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

तुमचा नायक १९७६ साली 'पन्नाशी ओलांडलेला' आहे. बावन्न धरू. म्हणजे जन्म १९२४. इंग्रजी शाळेत पोरगा दहा-अकराव्या वर्षी जायचा, म्हणजे तो सरांच्या हाताखाली आला १९३४-३५ च्या सुमारास. सर शिरोडं सोडून गेले १९३८ ला. उणीपुरी तीन-चार वर्षं मिळाली. आता सत्याग्रह १९३० चा. तेव्हा हा सहा वर्षांचा! इंग्रजी शाळेच्या वर्गातून तो धावत सुटेल कसा?

दोन मार्ग आहेत. एक तर त्याला साठीचा करा. किंवा सहाचाच ठेवा.

आरवलीकर :

मुद्रितशोधकांच्या पुढची गोष्ट मी सांगतो, कारण मी त्या बाजूचा. शिरोड्याचा सत्याग्रह मे महिन्यातला. मे म्हयन्यात शाळा खंय भरता? पोरं कैऱ्या पाडत हिंडत असणार. वर्गातून धावत सुटण्याचा प्रवेश दिसायला झकास आहे, पण आमच्याकडचा एकही म्हातारा प्रेक्षक तो पचवणार नाही.

आणि सत्याग्रह मे महिन्यातच का झाला असेल याचाही विचार करा. मीठ पिकतं ते कोरड्या दिवसांत. खाजणातलं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीतलं, पाणी चौकोनी वाफ्यांत घ्यायचं, उन्हाने आटवायचं, खाली बसलेलं मीठ लाकडी फावड्याने ओढून ढीग घालायचे. पाऊस लागला की खेळ खलास. तुमच्या संहितेत मीठ नुसतं देशभक्तीपुरतं आलंय असं वाटतं. पण तुमचा नायक मिठाचा हिशेब लिहितो ना? मग मीठ त्याच्या रोजच्या जगण्यात दिसू दे.

विंगेतून :

तीस-बत्तीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढली आहेत. नट, दिग्दर्शक, आणि वेळ पडली तर पडदा ओढणारा. म्हणून जरा लांब लिहितो.

तुमचा घोळ वयात नाही आणि मे महिन्यातही नाही. तुम्ही सरांना रंगमंचावर आणलंत, तिथे आहे.

खऱ्या, फोटोतून लोकांना ठाऊक असलेल्या माणसाचं सोंग घेऊन नट आला की पहिली दहा मिनिटं प्रेक्षक नाटक बघत नाही, तोंडावळा जुळतो का ते बघतो. चष्मा बरोबर, कोट बरोबर, पण नाक? एका चरित्रनाटकात मी एक थोर पुरुष साकारला होता. कोणते ते विचारू नका. ऐन भावनिक स्वगतात डाव्या बाजूची मिशी सुटली. ओठाने दाबून धरून उरलेलं स्वगत म्हटलं. परीक्षकांनी वाचिक अभिनयात 'अनाकलनीय उच्चार' असा शेरा दिला.

पण मिशी ही लहान अडचण. मोठी अडचण अशी की खांडेकर तुमच्या रंगमंचावर काय बोलणार? त्यांची छापील वाक्यं घातलीत तर तो माणूस घरातही सुभाषितं बोलणारा होतो. तुमची स्वतःची वाक्यं घातलीत तर ती खांडेकरांच्या नावावर खपतात. दोन्ही वाईट.

त्यांना आणूच नका. आठवणारा आहे ना? मग त्याला आठवू द्या.

सुमी_वाचते :

विंगेतून यांना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या वयाच्या लोकांसाठी खांडेकर म्हणजे 'ययाती' आणि व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या चित्राखाली येणारे सुविचार. त्यातले त्यांचे किती आणि कुणीतरी त्यांच्या नावावर ढकललेले किती, देव जाणे. त्यात तुमच्या नाटकाची भर नको.

आणि एक विचारू का? हे आमच्यासारख्यांनी का बघावं? पुरस्कार ठाऊक आहेत. 'ययाती'ला १९६० चा साहित्य अकादमी, पुढे १९७४ चा ज्ञानपीठ, मराठीला मिळालेलं पहिलं ज्ञानपीठ. सगळं आदराने मान्य. पण खरं सांगते, मला त्यांची भाषा जड जाते. प्रत्येक पानावर उपमा हात जोडून उभी. तुमच्या 'तो'लाही कधी ती जड गेली का? की तो पूर्ण वेळ भारावलेलाच आहे? शिक्षकाबद्दल नुसता भारावलेला माणूस दोन तास बघणं म्हणजे शिक्षा हो.

दुसरा_अंक :

सुमीताई, उपमांचं मान्य, पण त्यांच्या रूपककथा वाचा एकदा. दीड-दोन पानांत काम तमाम.

मूळ विषयाकडे येतो. एलकुंचवारांचं 'आत्मकथा' वाचलंय का? नसेल तर लिहिणं थांबवा आणि आधी ते वाचा. राजाध्यक्ष हा नामवंत, वृद्ध लेखक आत्मचरित्र सांगतोय आणि प्रज्ञा ही तरुण अभ्यासक ते उतरवून घेतेय. त्याने कादंबरीत लिहिलेलं, तो आता सांगतोय ते, आणि त्याची बायको उत्तरा आणि मेहुणी वासंती यांच्या वाट्याला आलेलं, यांचा मेळच बसत नाही. लेखकाने माणसं वापरली, त्या माणसांचं काय झालं, हा त्यातला काटा. म्हणूनच ते टिकलं.

तुमच्या नाटकात काटा कुठे आहे? वि. स. चांगले, विद्यार्थी चांगला, पाऊस चांगला. असं चालत राहिलं तर अर्ध्या तासात त्यांचे चितळे मास्तर होतील. पु. लं.चे चितळे मास्तर पु. लं.च्या पानात शोभतात, दोन अंक ओढायला ते पुरणार नाहीत.

तिसरी_घंटा :

काटा आहे, पण मी तो लपवून ठेवला होता. आता सांगूनच टाकतो.

१९३८ साली सर शिरोडं सोडून कोल्हापूरला गेले, सिनेमासाठी. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी 'छाया' लिहिला तो त्याआधीच, १९३६ ला. जग म्हणणार, लेखकाला मोठं मैदान मिळालं. पण माझा नायक तेव्हा चौदा वर्षांचा आहे. त्याच्या दृष्टीने एकच घडलं: सर सोडून गेले. मॅट्रिकपर्यंत थांबले असते तर तो काहीतरी झाला असता, असं त्याने चाळीस वर्षं स्वतःला सांगितलंय.

आणि दुसरं म्हणजे, सरांची प्रत्येक कादंबरी तो एकाच कारणासाठी वाचतो. आपण कुठे आहोत का ते बघायला. किनारा दिसतो, माडाची बाग दिसते, खेड्यातला मास्तर दिसतो. हा कुठेच नाही. एखादं पात्र डावखुरं निघालं की त्याचा श्वास अडकतो, कारण तो स्वतः डावखुरा. पुढच्या पानावर ते पात्र भलतंच निघतं.

हे मी दुसऱ्या अंकात एका ओळीत उरकलंय. लाज वाटली होती, एवढ्या मोठ्या माणसाबद्दल एवढी कोती तक्रार.

सुमी_वाचते :

अहो हेच तर नाटक आहे!!! हे सोडून पाऊस काय पाडत बसलात?

दुसरा_अंक :

कोती तक्रारच हवी. उदात्त तक्रारी भाषणात बऱ्या.

मुद्रितशोधक :

मग त्याला बावन्नचाच ठेवा, साठीचा करू नका. १९३८ ला चौदा हे वय नेमकं आहे. आणि १९३० ला सहा, हेही आता सोनं आहे. तो शोकसभेच्या भाषणात लिहितो, 'सत्याग्रहाच्या दिवशी सर कुठे उभे होते ते मला आजही दिसतं.' मग थांबतो. बोटं मोजतो. सहा वर्षांचा होतो मी. मला कोण नेणार तिकडे? हे मला दिसतंय की थोरल्या भावाने सांगितलेलं मी माझं करून घेतलंय? तिथून त्याला स्वतःच्या प्रत्येक आठवणीचा संशय यायला लागतो. पहिल्या अंकाचा पडदा तिथे पाडा.

(हो, सर त्या दिवशी कुठे होते हे तुम्हीही ठरवू नका. त्याला आठवत नाही एवढंच दाखवायचंय, मग तुम्हाला तरी कशाला ठाऊक असायला हवं.)

आणखी एक, रुक्ष पण कामाचं. दुसऱ्या अंकात तो वाचून दाखवतो ते काय वाचणार? खांडेकरांचा मजकूर वापरणार असाल तर आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात. ते गेले २ सप्टेंबर १९७६ ला, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत लेखी परवानगी लागेल. आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, जाईलच. खऱ्या व्यक्तीचं नाव आहे, तेव्हा कागद आधी गोळा करा. प्रयोगाच्या आठवड्यात धावाधाव होते, आणि ती नेहमी ज्याने नाटक लिहिलंय त्यालाच करावी लागते.

विंगेतून :

परवानगीचं खरं आहे. पण मला वाटतं, मजकूर वापरायची गरजच पडणार नाही. सांगतो.

काटा वाचला आणि झोप उडाली, म्हणून आत्ता रात्री लिहितोय. सर रंगमंचावर नकोत म्हणालो, तर आता कुणीतरी म्हणेल रिकामी खुर्ची ठेवा आणि तिच्यावर स्पॉट मारा. कृपा करा. रिकामी खुर्ची, खुंटीवरचा कोट आणि आपोआप विझणारा कंदील, या तिघांना मी मनातल्या मनात कधीच निवृत्त केलंय.

दुसऱ्या अंकात सरांना दिसत नाही. बरोबर? मग त्यांना प्रेक्षागृहात बसवा. म्हणजे 'तो' थेट आमच्याकडे तोंड करून वाचतो. आम्ही अंधारात बसलेलो असतोच. त्याच्या हातातल्या पुस्तकापुरता उजेड, समोर नुसता काळोख, आणि त्या काळोखात सर. आवाज येणार नाही, हुंकार येणार नाही. त्याने परिच्छेद गाळला की तो मान वर करून आमच्याकडे बघेल: कळलं का यांना? आणि प्रेक्षागृह गप्प असेल. कुणी खोकलंच तर तो दचकेल. दर प्रयोगाला वेगळा दचकेल.

आणि वाचायचं काय? त्याने सरांचं पुस्तक वाचूच नये. स्वतःचं वाचावं. पुस्तक हातात सरांचं, पण वाचतोय त्यात दडवून आणलेले स्वतःचे कागद. चाळीस वर्षांत लिहिलेली एकमेव गोष्ट, सरांची म्हणून सरांनाच वाचून दाखवतोय.

आगाऊ_पाहुणा :

च्यायला.

दुसरा_अंक :

विंगेतून, हे तुम्हीच का लिहीत नाही?

विंगेतून :

मला संवाद लिहिता येत नाहीत. दुसऱ्याच्या संवादांची वाट लावता येते.

आरवलीकर :

आमच्या आत्येचे यजमान त्या शाळेत शिकलेले, पण खांडेकर गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तरी बोलताना 'आमचे खांडेकर मास्तर' म्हणायचे. हिशेब कुणी घातलाच नाही. तो सहा वर्षांचा प्रसंग वाचला आणि त्यांचीच आठवण झाली. लबाडी नव्हती ती. गावाची आठवण सगळ्यांच्या मालकीची असते, त्यातला आपला वाटा प्रत्येकजण थोडा जास्तच कापून घेतो. हे विनोदी करू नका एवढंच सांगणं.

दुसरा_अंक :

अजून एक धागा हाताला लागलाय, घ्या नाहीतर सोडा. खांडेकर पुण्यात कॉलेजात होते तेव्हा राम गणेश गडकऱ्यांचा सहवास त्यांना लाभला होता. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले. पुढे खांडेकरांनी त्यांच्यावर पुस्तकच लिहिलं, 'गडकरी : व्यक्ति आणि वाङ्मय'. म्हणजे ज्याला तुमचा नायक आठवतोय, तोही कधीकाळी कुणाला तरी आठवत लिहायला बसला होता. आणि नुसती भक्ती करून थांबला नाही, समीक्षा केली. तुमच्या 'तो'ला हे पुस्तक ठाऊक असणारच. भाषण लिहिताना ते शेजारी असलं तर? सरांना जमलं ते आपल्याला पाच मिनिटांपुरतंही जमत नाही, हा आणखी एक चटका.

सुमी_वाचते :

हे मात्र प्रेक्षकाला समजावून सांगत बसू नका हं. पुस्तक दिसलं, त्याने उघडलं, मिटलं, पुरे.

मुद्रितशोधक :

सहमत. आणि फडके-खांडेकर वादही आत आणू नका. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' यावर दोन पात्रं भांडताना दिसली की मला परीक्षेचा पेपर आठवतो. तुमच्या मिठाच्या हिशेबनिसाचं त्यावाचून काहीच अडत नाही.

तिसरी_घंटा :

सगळ्यांचे आभार. आठवडाभर गायब होतो कारण पहिला अंक निम्मा फाडून पुन्हा लिहिला. शाळेचे प्रवेश गेले. सर गेले. पाऊस तर आगाऊ पाहुण्यांनी पहिल्याच दिवशी नेला. पात्रं सात होती ती आता दोन: 'तो' आणि त्याची बायको. बायकोने खांडेकरांचं एक अक्षर वाचलेलं नाही. पण लग्न झाल्यापासून ती सरांबद्दल ऐकत आलीय. ग्रुपमधले पाच जण माझ्यावर नाराज आहेत, त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

सुरुवातीचा तुकडा टाकतोय.

(घराची पडवी. संध्याकाळ उलटून गेलेली. तो बाहेरून येतो. पायाला मीठ लागलेलं. पायरीवर बसून पाय झटकतो. आतून रेडिओ ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. बायको बाहेर येते.)

ती : तुमचे सर गेले.

तो : कधी?

ती : आज. रेडिओवर सांगितलं. दोनदा.

तो : (पाय झटकत राहतो) अडतीस साली गेले ते.

ती : काय?

तो : काही नाही. पाणी दे पायांवर.

(ती तांब्या आणते. तो पाय धुतो. बराच वेळ.)

ती : शाळेतला माणूस येऊन गेला. परवा सभा आहे. पाच मिनिटं बोला म्हणाला.

तो : पाच मिनिटं.

ती : पुरतील ना? मला तर एकोणतीस वर्षं सांगताय.

विंगेतून :

शेवटचं वाक्य ठेवा, कुणी काहीही सांगो. 'अडतीस साली गेले ते' नंतर नटाला थांबू देऊ नका, हात चालू राहिले पाहिजेत. वाक्य म्हणून झाल्यावर त्याने प्रेक्षकांकडे बघितलं तर मी पहिल्या रांगेतून उठून जाईन.

सुमी_वाचते :

बायको आवडली. दुसऱ्या अंकात तिला कोल्हापूरला नेताय का? नका नेऊ. पण तो परत आल्यावर तिने एकच विचारावं, 'ओळखलं का?' आता तो प्रश्न चालेल, कारण तो तिच्या तोंडी आहे.

आगाऊ_पाहुणा :

माझा पाऊस मी परत देतो. सप्टेंबर आहे, वापरा.

आरवलीकर :

वापराच. आणि तोच धागा धरून एक. सप्टेंबरात त्याच्या पायाला मीठ कुठून लागेल? मिठागर पाण्याखाली असतं. त्या दिवसांत हिशेबनीस मागच्या हंगामाची वही घेऊन बसलेला असणार आणि येताना बांधावरून येणार. चिखल. काळा, चिकट, खाजणाचा. तो झटकून जात नाही, खरवडावा लागतो.

तिसरी_घंटा :

चिखल केला. आणि 'पाय झटकत राहतो' ऐवजी 'काडीने खरवडत राहतो'.